स्फोटात भाजलेल्या भावाला घरी आणलंय, पुढे काय काय करायचं?

गवतीचहा | ९ ऑगस्ट २०२५, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी पाककृतींच्या धाग्यांवरच असते, त्यामुळे हा धागा कुठल्या विभागात काढायचा तेही नीट कळलं नाही. संपादकांनी हवा तिथे हलवावा.

माझा धाकटा भाऊ (वय ३१) रायगड जिल्ह्यातल्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडून ऑपरेटर म्हणून होता. जूनच्या शेवटच्या आठवड्यात रात्रपाळीला रिअ‍ॅक्टरमधला दाब वाढून स्फोट झाला. हा वीसेक पावलांवर होता. दोन्ही हात, मान आणि चेहऱ्याची डावी बाजू भाजली. कागदावर २२ टक्के लिहिलंय. भिंतीवर आपटला म्हणून डोक्याचं सीटी स्कॅन केलं, ते ठीक आलं. हातांच्या मागच्या बाजूला मांडीची कातडी काढून लावलीय (ग्राफ्ट). पाच आठवडे रुग्णालयात होता, गेल्या शनिवारी घरी आणला.

डिस्चार्ज कार्डावर शेवटी तीन ओळी आहेत: मलम, गोळ्या, पंधरा दिवसांनी ओपीडी. घरात जे चाललंय ते या तीन ओळींत कुठेच बसत नाही. रात्रभर खाज. इतकी की काल झोपेत ग्राफ्टच्या कडेची खपली ओरबाडली. मूठ वळत नाही, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून पितो. डाव्या कानात सतत कुंई वाजतं. "पडदा फाटलाय, भरून येईल" एवढंच सांगितलं होतं. आई रोज रात्री कोमट तेलाचे दोन थेंब घालते. मान दुखते म्हणून दोन उशा देतो. आणि मुख्य म्हणजे बोलत नाही. विचारलं तर "बराय" म्हणतो.

आज राखी बांधायला मनगट मोकळं नव्हतं, दंडावर बांधली. कुणाच्या घरात असं झालं असेल तर अनुभव सांगा. अगदी बारीकसारीकही चालेल.

---

खारूताई | १० ऑगस्ट, सकाळी ६.१५

गवतीचहा, उठ आणि आधी त्या दोन्ही उशा काढ. मग पुढचं वाच.

अठ्ठावीस वर्षं बर्न्स वॉर्डात सिस्टर होते, आता निवृत्त. मान भाजलेल्या माणसाला उशी द्यायची नाही. हनुवटी छातीकडे झुकली की दुखणं कमी होतं, म्हणून पेशंट तसाच पडून राहतो, आणि नवी कातडी त्याच मापाची होऊन आखडते. मग मान वर होत नाही आणि पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. आम्ही पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो की पेशंटला जे आरामाचं वाटतं तेच आखडण्याचं असतं. उशी काढून खांद्यांखाली टॉवेलची पातळ गुंडाळी दे, मान किंचित मागे राहील. दोन दिवस तो तुझ्यावर चिडेल. चिडू दे.

हातांचंही तसंच. स्प्लिंट (हात ठरावीक ठेवणीत धरणारा आधार) दिलाय का? नसेल तर ओपीडीची वाट न बघता फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी विभागात जा. मनगट जरा मागे, बोटांची मुळं वाकलेली आणि बोटं सरळ, या ठेवणीत रात्री हात बांधून ठेवतात. दिवसा दर दोन तासांनी बोटं हलवायची, एकेक सांधा. दुखतंय म्हणून थांबलात तर महिन्यात सांधा गंजतो.

खाज म्हणजे व्रण जिवंत असल्याची खूण, पण म्हणून सोसायची नाही. मूळ कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जळून गेल्या, त्यामुळे ग्राफ्ट कोरडा पडतो. जखम पूर्ण भरलेल्या जागी दिवसातून चार-पाच वेळा साधं खोबरेल किंवा पॅराफिनचं मलम, तळव्याने दाबून, गोल फिरवत. उघड्या जागेवर नाही. नखं कापून टाक, रात्री सुती मोजे हातात घाल. तरी झोप लागत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांग, त्यावर गोळ्या असतात. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, कारण ओपीडीत पेशंट "बराय" म्हणतो.

प्रेशर गारमेंटबद्दल नंतर लिहिते, गॅसवर दूध आहे.

---

शंखध्वनी | १० ऑगस्ट, सकाळी ९.०२

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, नाशिकला. खारूताईंनी उशा काढल्या, मी तेल काढतो. कानात काहीही घालू नका. तेल नाही, लसणाचं तेल नाही, केमिस्टने दिलेले थेंबही नाहीत. पडदा फाटलेला असताना वरून घातलेलं सगळं थेट मधल्या कानात उतरतं. आईंना माझा नमस्कार सांगून सांगा.

थोडं समजावून सांगतो, म्हणजे पुढे काय पाहायचं ते कळेल. स्फोटात ज्वाळेच्या आधी दाबाची लाट येते. शरीरात जिथे हवा आहे तिथे ती सगळ्यात जास्त नासधूस करते: कान, फुफ्फुसं, आतडी. कानाचा पडदा यातला सगळ्यात नाजूक. वातावरणाच्या दाबाच्या एक तृतीयांश इतका जादा दाब अचानक आला तरी तो फाटू शकतो. फुफ्फुसाला इजा व्हायला याच्या जवळपास तिप्पट लागतो. म्हणून पूर्वी असं मानायचे की पडदा शाबूत तर आतलं सगळं शाबूत. ते आता कुणी मानत नाही. पडदा धड असूनही फुफ्फुसात रक्तस्राव झालेले रुग्ण सापडले आहेत. तुमच्या भावाचा तो धोक्याचा काळ, म्हणजे पहिले दोन दिवस, कधीच मागे पडलाय. पण हा धागा आणखी कुणी वाचत असेल तर लक्षात ठेवा: स्फोटाजवळ असलेल्या माणसाला बाहेरून ओरखडा नसेल, आणि काही तासांनी धाप लागली, खोकल्यातून रक्त आलं किंवा पोट दुखू लागलं, तर झोपवून ठेवू नका, न्या.

आता कान. लहान भोकं बहुतेक आपोआप भरतात, आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत. तोवर कान कोरडा ठेवायचा. आंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कानात, नाक जोरात शिंकरायचं नाही, विहिरीत पोहणं बंद. तीन महिन्यांनी भोक तसंच असेल तर शस्त्रक्रियेने पडदा बसवता येतो.

पण दोन गोष्टी ओपीडीत राहून जातात. एक, ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) करा. पडदा हा नुसता दरवाजा आहे, खरं ऐकणं आतल्या शंखाकृती भागात होतं आणि दाबाने तिथल्या पेशीही मरतात. कुंई आवाज बहुधा तिथला. पडदा भरला तरी तो राहू शकतो, म्हणून आत्ताच मोजमाप हवं. पुढे नुकसानभरपाईलाही तोच कागद लागतो. दोन, स्फोटात पडद्याच्या चिंध्या आत ढकलल्या जातात, आणि कधीकधी त्या कातडीचा गोळा मधल्या कानात वाढत राहतो, हाड खातो. म्हणून कान "बरा" झाला तरी निदान दोन वर्षं अधूनमधून दाखवत राहा. दुर्गंधीचा स्राव आला तर लगेच.

---

आडवाटेने | १० ऑगस्ट, दुपारी १.३०

माझ्या मामांना स्टोव्हच्या भडक्यात भाजलं होतं, तेव्हा बटाट्याच्या साली बांधल्या आणि एक डाग राहिला नाही. कोरफड, बटाटा, केळीचं पान हे आपलंच आहे. ॲलोपॅथीवाले हसतात, त्यांना महाग मलमं विकायची असतात.

---

खारूताई | १० ऑगस्ट, दुपारी ३.१०

@आडवाटेने, हसत नाही. उलट तुम्हाला दारूगोळा पुरवते. उकडलेल्या बटाट्याच्या सालीचं ड्रेसिंग मुंबईतच डॉ. केसवानींनी ऐंशीच्या दशकात वापरून त्यावर लिहिलं होतं. केळीच्या पानाचं ड्रेसिंग सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केलं. पान जखमेला चिकटत नाही, काढताना पेशंट ओरडत नाही, आणि जवळपास फुकट पडतं. पण ते पान ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेलं असायचं, बटाट्याची सालही तशीच. दोन्ही फक्त झाकण म्हणून. तुमच्या मामांचं वरवरचं भाजणं असणार, ते मलम न लावताही डागाशिवाय भरतं. खोल भाजलेलं सालीने भरत नाही, तिथे कातडी लावावीच लागते.

आणि भाजल्याबरोबर करायचं ते एकच: नळाचं वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई तर नाहीच. शाईमुळे किती खोल भाजलंय तेच दिसत नाही.

अवांतर: कातडीवरून आठवलं. याला २२ टक्के होतं, स्वतःची मांडी पुरली. साठ टक्के भाजलेल्याची कुठून आणायची? सायनला २००० पासून त्वचापेढी आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरलाही आहे. मृत्यूनंतर सहा तासांत मांडी-पाठीची अगदी पातळ कातडी घेतात, ग्लिसरॉलमध्ये ठेवली तर काही वर्षं टिकते. ती कायमची चिकटत नाही, पण माणूस तगून राहतो. नेत्रदानाचे फॉर्म सगळे भरतात, याचं नाव काढलं की गप्प बसतात.

---

पावतीबहाद्दर | १० ऑगस्ट, रात्री ९.४५

युनियनचं काम करतो, डॉक्टर नाही. तुमच्या पोस्टमधला "ठेकेदाराकडून" हा शब्द वाचून लिहितोय.

कागद आत्ता गोळा करा. सहा महिन्यांनी ठेकेदार फोन उचलणार नाही. एमएलसीची नोंद (रुग्णालयातली पोलिसांना कळवल्याची), पोलिसांचा पंचनामा, हजेरीपत्रक किंवा गेटपास, पगार खात्यात जमा झाल्याची नोंद. पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विमा महामंडळाची वर्गणी) कापत असतील तर अपघाताचा अहवाल मालकाने महामंडळाकडे पाठवलाय का ते शाखा कार्यालयात जाऊन बघा, फोनवर नको. पाठवला असेल तर तो कामावर जाऊ शकत नाही तोवर सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्के ठरवतं आणि त्यानुसार मासिक लाभ सुरू होतो. ईएसआयसी नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाईचा दावा, दोन वर्षांच्या आत. ठेकेदार पळाला तरी मुख्य कंपनी सुटत नाही.

कोऱ्या कागदावर सही घेऊन गेले का कुणी? दवाखान्यात फळं घेऊन येतात तेव्हा बरोबर तो कागद असतो.

---

गवतीचहा | १० ऑगस्ट, रात्री ११.२०

उशा काढल्या. तेलाची बाटली आईने स्वतः देवघरातल्या समईपाशी ठेवली, "आता दिव्याला" म्हणाली आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरात होती. तिला वाटतंय आपणच त्याचा कान बिघडवला. @शंखध्वनी, डॉक्टर, आठवडाभर घातलेल्या तेलाने काही झालं असेल का?

@पावतीबहाद्दर, हो, आले होते. फळं घेऊनच. सही घेतली नाही कारण त्याचे दोन्ही हात बांधलेले होते. अंगठाही.

---

शंखध्वनी | ११ ऑगस्ट, रात्री १२.१०

कान वाहत नसेल, ठणकत नसेल तर आईंना सांगा काही झालेलं नाही. मुद्दाम सांगा. माझ्याकडे आठवड्याला दोन आया याच अपराधीपणाने येतात.

---

विरारफास्ट | ११ ऑगस्ट, रात्री १२.५५

वाचनमात्र असतो. या विषयावर इथे कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

११ जुलै २००६. संध्याकाळी सहा वीसच्या पुढची वेळ, पश्चिम रेल्वे, फर्स्ट क्लास. अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, त्यातल्या माहीमच्या गाडीत मी होतो. लोक विचारतात आवाज केवढा होता. मी आवाज ऐकलाच नाही. आधी दाब आला, कुणीतरी दोन्ही कानांवर उशी दाबून धरावी तसा, आणि मग सगळं मुकं. लोकांची तोंडं हलताना दिसत होती. रुळांशेजारच्या वस्तीतल्या लोकांनी चादरीत घालून उचललं. चादरीवर निळी फुलं होती. त्या माणसांची नावं मला आजही माहीत नाहीत.

पुढे एका डॉक्टरांनी समजावलं की मोकळ्या मैदानात दाबाची लाट पसरून विरते, डब्यात ती पत्र्यावर आपटून परत येते, पुन्हा आपटते. म्हणून गाडीत, बसमध्ये दुखापती जास्त वाईट असतात. मला दोन्ही पडदे नव्हते. उजवा आपोआप भरला, डाव्याचं २००७ मध्ये ऑपरेशन, ते टिकलं नाही, मग दुसरं. आता डाव्या बाजूला यंत्र आहे. एकोणीस वर्षं मी प्रत्येक टेबलाच्या डाव्या टोकाला बसतोय, म्हणजे सगळे उजवीकडे येतात. बायकोला आता सांगावं लागत नाही, ती हॉटेलात आधी तीच खुर्ची अडवते.

धाग्याला उपयोगी असं तीन-चार गोष्टी.

खांद्यात धातूचा एक तुकडा अजून आहे. तेव्हा काढला नाही, कारण काढताना नस जाण्याची भीती होती. असे तुकडे पुष्कळांच्या अंगात ठेवून देतात आणि ते बरोबरच असतं. पण डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं नव्हतं. २०१४ ला कंबरेचा एमआरआय सांगितला, मी चप्पल काढून निघालो होतो, तंत्रज्ञाने सहज विचारलं म्हणून वाचलो, त्या यंत्रातलं चुंबक धातू ओढतं. गवतीचहा, काच-धातू काही आत राहिलंय का ते लेखी मागून घ्या. एक्स-रेची प्रत घरी ठेवा.

रक्ततपासणी. स्फोटात दुसऱ्याच्या हाडाचा कण आपल्या अंगात घुसू शकतो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण म्हणून धनुर्वाताबरोबर हेपॅटायटिस बीची लसही देतात. दिलीय का बघा.

कुंई आवाज. पहिली दोन वर्षं वेड लागायची वेळ आली होती. शांततेत तो मोठा होतो, म्हणून रात्री पंखा जोरात किंवा रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावून ठेवायचो. आता आवाज आहे, पण मी त्याच्याकडे बघत नाही.

आणि झोप. दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या, पेपरांनी मुंबईचं स्पिरिट छापलं. मी सात महिने गाडीत चढलो नाही, आणि ज्या दिवशी चढलो त्या दिवशी दादरला उतरून फलाटावर ओकलो. स्पिरिट वगैरे शब्द घरात कुणी उच्चारू नका. गेल्या महिन्यात, २१ जुलैला, उच्च न्यायालयाने बारा जणांना निर्दोष सोडलं. त्या दुपारी फोनवर फोन. काय वाटतं विचारत होते. मला इतकंच समजलं की पुन्हा तीन रात्री झोप नाही. एकोणीस वर्षांनंतर. तुमच्या भावाला तर दीडच महिना झालाय.

---

सुभेदार | ११ ऑगस्ट, सकाळी ७.३०

विरारफास्ट साहेब, सलाम.

मी साताऱ्याचा. २००२ साली राजस्थान सीमेवर, ऑपरेशन पराक्रमच्या (संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर सैन्य नेलं तेव्हाच्या) वेळी पेरलेले सुरुंग काढताना उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्यात वानवडीला कृत्रिम अवयव केंद्रात होतो, १९४४ पासूनचं आहे ते. ताईच्या भावाचे हातपाय शाबूत आहेत, देवाची कृपा, म्हणून माझा अनुभव थेट लागू नाही. तरी एक सांगतो, कुणाला उपयोग होईल. स्फोटाची जखम लगेच शिवत नाहीत. सुरुंग माती, बुटाचे तुकडे, कापड सगळं मांसात वर ढकलतो. डॉक्टर साफ करून जखम उघडीच ठेवतात, चार-पाच दिवसांनी पुन्हा बघून बंद करतात. माझे वडील तेव्हा ओरडले होते की पोराला उघडं टाकलंय. उघडं ठेवलं म्हणून गुडघा वाचला. घाईने शिवलेल्यांचे गुडघे पुढे गेलेले मी शेजारच्या खाटांवर पाहिलेत.

नसलेल्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटायची. वेडा झालो असं वाटून कुणाला सांगितलं नाही. मग एका मॅडमनी दोन पायांमध्ये आरसा उभा केला आणि डावा पाय हलवायला सांगितला. आरशात उजवा हलताना दिसतो. डावा खाजवला, उजव्याची खाज गेली! हे डॉ. रामचंद्रन म्हणून आपलेच तमिळ गृहस्थ आहेत अमेरिकेत, त्यांनी शोधलं. दहा रुपयांचा आरसा.

भावाला बोलायचं असेल तर माझा नंबर व्यनित (खासगी निरोपात) पाठवतो. नसेल बोलायचं तरी हरकत नाही, मी नुसता फोन धरून बसेन.

---

मनमोकळी | ११ ऑगस्ट, दुपारी १२.२०

मानसोपचार क्षेत्रात आहे, पुण्यात. सुभेदार काकांचं शेवटचं वाक्य कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं आहे.

गवतीचहा, त्याला बोलतं करायचा आग्रह धरू नका. "सांग ना काय झालं, मन हलकं होईल" हे सुरुवातीच्या काळात उलट बाधू शकतं. पहिला महिनाभर दचकणं, स्वप्नं, चिडचिड हे अपेक्षितच असतं. महिन्यानंतरही तेच असेल, वाढत असेल, घराबाहेर पडणं बंद असेल, किंवा झोपेसाठी दारू सुरू झाली असेल तर मदत घ्या. यावर नेमके उपचार आहेत, ठरावीक बैठकांचे, आणि ते लागू पडतात. घरबसल्या सुरुवात करायची तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं.

कशाने दचकतो त्यावर लक्ष ठेवा. आवाज तर असतोच, पण केमिकलवाल्यांच्या बाबतीत वास बघा.

---

गवतीचहा | १४ ऑगस्ट, रात्री १०.०५

वास. तुम्ही लिहिलंत आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. परवा मी ओसरीवर बसून नेलपेंट काढत होते. तो आतल्या खोलीतून उठला, अंगणात गेला आणि तुळशीपाशी उकिडवा बसला. घामाने चिंब. आम्ही म्हटलं ऊन लागलं. रिमूव्हरचा वास म्हणजे त्यांच्या प्लांटमधल्या सॉल्व्हंटचा वास. बाटली गावाबाहेर फेकून आले.

ऑडिओग्राम झाला, डावीकडे मध्यम घट, वरच्या पट्टीत जास्त. फिजिओ सुरू, स्प्लिंट मिळाला. हेपॅटायटिसची लस दिलेली नव्हती, आता सुरू केली. मनगटाजवळ काचेचा बारीक तुकडा आहे असं एक्स-रेत दिसतं, लेखी घेतलं. सुभेदार काका, तुमचा नंबर त्याच्या उशाशी (उशी नाही, पण म्हण आहे) ठेवलाय.

---

खारूताई | १५ ऑगस्ट, सकाळी ७.००

गारमेंटचं राहिलं होतं. जखमा पूर्ण बुजल्या की हात-मानेसाठी मापाचे घट्ट कपडे शिवून घ्यायचे. दिवसाचे तेवीस तास घालायचे, फक्त आंघोळ आणि मालिशला काढायचे. वर्षभर, कधी दीड-दोन वर्षं. व्रण लाल, टणक, उंच असतो तोवर तो वाढतोय असं समज. फिका, मऊ, सपाट झाला की थांबायचं. दोन जोड हवेत, दोन-तीन महिन्यांनी सैल पडतात तेव्हा पुन्हा माप. उन्हाळ्यात पेशंट रडतात आणि गुपचूप काढून ठेवतात. आता पावसाळा आहे, सवय लावायला हीच वेळ.

खायला घाल. भाजल्यानंतर शरीर वर्षभर भट्टीसारखं जळत असतं. अंडी, मासे, डाळ, दूध, शेंगदाणे. श्रावण आहे म्हणून अंडी बंद केली असतील तर देवाला माझं नाव सांग.

---

गवतीचहा | ३० ऑगस्ट, रात्री ९.३०

गणपती झाले. दीड दिवसाचा असतो आमचा. आरतीला टाळ-झांजांचा आवाज नको म्हणून या वर्षी नुसती म्हटली. पण विसर्जनाला वाडीत डीजे आला. तो मागच्या दाराने निघून गेला, रात्री साडेअकराला चुलत्याला नदीकाठी सापडला. म्हणाला छातीवर दाब येतो, तेव्हासारखा. कान नाही, छाती. तिथून सुभेदार काकांना फोन लावला त्याने. काय बोलले माहीत नाही, एक तास वीस मिनिटं दिसतायत फोनवर.

---

सुभेदार | ३१ ऑगस्ट, सकाळी ६.५०

बोललो थोडं. बहुतेक वेळ कबड्डीवर.

---

आडवाटेने | २३ ऑक्टोबर, दुपारी ४.१५

धागा वर आणतोय. माझ्या वरच्या प्रतिसादाबद्दल खारूताईंची माफी. या दिवाळीत भोपाळकडे ती कार्बाइड गन म्हणून जे निघालंय, त्याने कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. आमच्या गल्लीतही एका पोराने पाइप आणि लायटर घेऊन केली. उडाली नाही म्हणून आत डोकावला. आईने पदराने डोळा चोळला. मी या धाग्यामुळे त्याला धरून नळाखाली नेला. बरोबर केलं ना?

---

शंखध्वनी | २३ ऑक्टोबर, रात्री ८.४०

अगदी बरोबर. कार्बाइडवर पाणी पडलं की गॅस होतो आणि मागे उरतो तो चुना. तो बुबुळ आत आत जाळत जातो, म्हणून निदान अर्धा तास पाणी, पापण्या उघड्या धरून, आणि मग थेट नेत्रतज्ज्ञ. मात्र डोळ्यात काही रुतलेलं किंवा डोळा फुटलेला दिसत असेल तर त्याला हात लावू नका, पाणी मारू नका, दाबून पट्टी बांधू नका. वर कागदी कप पालथा धरून चिकटपट्टीने बसवा, आणि न्या.

गवतीचहा, कानाचं काय झालं? तीन महिने उलटून गेले.

---

गवतीचहा | ९ नोव्हेंबर, सकाळी ११.००

दिवाळीत मनमोकळींनी सांगितल्याप्रमाणे चार दिवस त्याला आजोळी, सड्यावरच्या घरी पाठवला होता, तिथे फटाके वाजत नाहीत. पुण्याला बैठका सुरू आहेत, पाच झाल्या. कानाचं भोक लहान झालंय पण बुजलं नाही, डिसेंबरात ऑपरेशन. ईएसआयसीचे पैसे सप्टेंबरपासून येतायत. पावतीबहाद्दर दादा, अहवाल खरंच पाठवलेला नव्हता.

काल शर्टाची बटणं स्वतः लावली. वरचं राहिलं.

खारूताई, एक प्रश्न. प्रेशर गारमेंट वॉशिंग मशीनमध्ये टाकले तर चालतील का? तो हल्ली स्वतःच धुतो, पिळून पिळून.

---

खारूताई | ९ नोव्हेंबर, दुपारी २.२५

मशीन नको, गरम पाणी नको, ब्लीच नको. थंड पाणी, सौम्य साबण, सावलीत आडवे वाळवायचे. आणि अजिबात पिळायचे नाहीत, लवचीकपणा जातो, सहाशे-सातशे रुपये पाण्यात.

---

गवतीचहा | ९ नोव्हेंबर, दुपारी २.५०

पण मूठ वळायला लागल्यापासून त्याला पिळण्यातच मजा येते हो.

---

खारूताई | ९ नोव्हेंबर, दुपारी ३.०५

मग तुझ्या घरातली सगळी पायपुसणी दे त्याला.